लाईट चालू ठेवून बिलाशी भांडायचं कसं

जून २०२३ मध्ये एका संध्याकाळी शेवंतामावशी आमच्या दारात आल्या. एका हातात लाईटचं बिल, दुसऱ्या हातात रुमालात बांधलेल्या कुड्या. कुड्या गहाण ठेवायला कुठली पेढी बरी, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी तीस वर्षं सहकारी बँकेच्या काउंटरवर काढली, त्यामुळे असले प्रश्न इमारतीतले लोक मलाच विचारतात. बिल १२,१४० रुपयांचं होतं. मावशी एकट्या राहतात. एक पंखा, दोन ट्यूब, छोटा फ्रिज आणि टीव्ही. महिन्याला सातशेच्या आसपास बिल यायचं.

बिल चुकलंय हे मावशींना कळत होतं. कार्यालयात जाऊनही आल्या होत्या. खिडकीतून उत्तर मिळालं, "आधी भरा, मग बघू." वर असंही सांगितलं की बिल तुमच्या नावावर नाही, मालकांच्या नावावर आहे, तक्रार त्यांनी करायची. मालक, म्हणजे मावशींचे पती, जाऊन चार वर्षं झाली होती. बिलापेक्षा मावशींना भीती होती ती लाईन कापण्याची. मुलगी बाळंतपणाला येणार होती आणि घरात अंधार नको, म्हणून त्या कुड्या काढायला निघाल्या होत्या.

त्या दिवसापासून महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी मी मंडळाच्या वाचनालयात एक टेबल घेऊन बसते. लोक बिलं घेऊन येतात. तिथे जे पुन्हा पुन्हा सांगते ते इथे लिहिते. आम्ही चेंबूरला राहतो. आमच्याकडे एकाच रस्त्यावर दोन वीज कंपन्यांचे ग्राहक आहेत. मावशींची कंपनी कुठली ते मुद्दाम लिहीत नाही, कारण महावितरण असो, बेस्ट असो, टाटा पॉवर असो की अदानी, नियम सगळ्यांना एकच लागतात. ते महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचे असतात आणि त्यांच्या मुळाशी २००३ चा विद्युत कायदा आहे.

आधी मीटर वाचा

बिल हातात घेऊन भांडायला जाऊ नका, आधी जिन्याखाली जा. मीटरच्या पडद्यावर आकडे फिरत असतात. कधी तारीख दिसते, कधी वेळ, कधी व्होल्टेज. ज्या आकड्याशेजारी इंग्रजीत 'केडब्ल्यूएच' लिहिलेलं येतं, तोच आपला. तो आला की फोटो काढा. फोटोत मीटरचा क्रमांकही दिसला पाहिजे, नाहीतर कार्यालयात पहिला प्रश्न येतो, "हा तुमचाच मीटर कशावरून?"

आता बिलावरचं मागील रीडिंग आणि चालू रीडिंग बघा. मावशींच्या बिलावर मागील ७,७७१ आणि चालू ८,७६२ होतं, म्हणजे ९९१ युनिट. आम्ही टॉर्च घेऊन खाली गेलो तर मीटर दाखवत होता ७,८७१. बिल येऊन आठवडा झाला होता, तरी मीटर बिलातल्या आकड्यापर्यंत पोचलाच नव्हता! रीडिंग घेणाऱ्याने ७,८६२ चं ८,७६२ केलं होतं. दोन आकड्यांची अदलाबदल झाली आणि ९१ युनिटचे ९९१ झाले. मीटर मागे जात नाही. त्यामुळे आजचं रीडिंग बिलातल्या रीडिंगपेक्षा कमी असेल तर वाद तिथेच संपतो. हा पुरावा फुकट आहे आणि दोन मिनिटांत मिळतो.

रीडिंग जुळत असेल तर पुढची ओळ बघा: बिल किती दिवसांचं आहे? इथे फार लोक फसतात. घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटवर बदलतात आणि वरच्या टप्प्याचा दर खूप चढा असतो. हे टप्पे महिन्याच्या हिशोबाचे आहेत. समजा तीन महिने रीडिंगच झालं नाही आणि मग एकदम २७० युनिटचं बिल आलं. एका महिन्याचं धरलं तर १०० युनिट पहिल्या दराने आणि १७० दुसऱ्या दराने लागतील. पण वापर तीन महिन्यांचा आहे, म्हणजे महिन्याला ९०, म्हणून सगळे २७० युनिट पहिल्याच दराने लागायला हवेत. २०२० च्या टाळेबंदीत मार्चअखेरपासून रीडिंग बंद होतं. एप्रिल-मेला थंडीतल्या सरासरीने बिलं आली आणि जूनमध्ये सगळा उन्हाळा एका कागदावर आला, तेव्हा राज्यभर याच गणितावरून रान पेटलं होतं. आपल्या बिलात टप्पे महिन्यांवर विभागलेत की नाहीत, हे कागद-पेन्सिल घेऊन स्वतः करून बघा. बिलामागे दर छापलेले असतात.

मग मीटरची स्थिती बघा. तिथे 'सरासरी', 'कुलूपबंद', 'रीडिंग उपलब्ध नाही' असं काही असेल तर ते अंदाजे बिल. केंद्र सरकारच्या २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांप्रमाणे एका आर्थिक वर्षात दोनपेक्षा जास्त अंदाजे बिलं देता येत नाहीत. नैसर्गिक आपत्तीसारखं कारण नसताना दोन फेऱ्यांच्या पुढेही अंदाजे बिलं चालूच राहिली, तर प्रत्यक्ष रीडिंगचं बिल येईपर्यंत पैसे द्यायला नकार देण्याची मुभाही ग्राहकाला आहे. आणि लागोपाठ दोन वेळा मीटरपर्यंत पोचता आलं नसेल, तर ग्राहक नोंदवलेल्या मोबाईलवरून किंवा ईमेलने मीटरचा फोटो तारखेसह पाठवू शकतो. आमच्याकडे मीटरच्या खोलीची किल्ली वॉचमनकडे असते आणि वॉचमन जेवायला गेला की रीडिंग चुकतं. आता सगळ्यांनी महिन्याच्या एक तारखेला फोटो काढायची सवय लावून घेतली आहे.

घरातलीच चूक नाही ना?

हे तपासल्याशिवाय मी कोणालाही तक्रार लिहून देत नाही. घरातली सगळी बटणं बंद करा, फ्रिजचा प्लग काढा, पण मेन स्विच चालू ठेवा. आता मीटरवरचा लाल दिवा बघा. तो लुकलुकतच राहिला तर कुठेतरी वीज जातेय: वायरिंगमध्ये गळती आहे किंवा आपल्या लाईनवर दुसऱ्याचं काही जोडलेलं आहे. मेन स्विच बंद केल्यावरही दिवा लुकलुकत असेल तर गडबड मीटरमध्ये किंवा मीटर आणि स्विचच्या मधल्या वायरीत. आमच्या 'ब' विंगमध्ये एका घरी अशीच जिन्यातली ट्यूब आणि पंपाच्या खोलीतला दिवा सापडला. जुन्या रंगकामाच्या वेळी कोणीतरी तात्पुरती जोडलेली वायर सहा वर्षं तशीच होती.

घरातला हिशोब सोपा आहे. वॅट गुणिले तास, भागिले हजार, म्हणजे युनिट. दोन हजार वॅटचा गिझर रोज एक तास चालला तर महिन्याला ६० युनिट. जुना ७५ वॅटचा पंखा दिवसाला सोळा तास चालला तर महिन्याला ३६ युनिट, आणि २८ वॅटचा नवा बीएलडीसी पंखा तेवढाच चालला तर साडेतेरा. एखाद्याचं बिल ३०० च्या जरासं वर अडकलेलं असेल तर एक पंखा बदलूनही वरचे युनिट खालच्या टप्प्यात येतात. आता बाकी सगळं तपासून झालं असेल तर मीटरवर संशय घ्या.

मीटर तपासून मागण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. केंद्राच्या त्याच ग्राहक हक्क नियमांच्या फेब्रुवारी २०२४ मधल्या दुरुस्तीने त्यात एक चांगली भर पडली. रीडिंग आपल्या वापराशी जुळत नाही अशी तक्रार केली, तर पाच दिवसांत कंपनीने जोडीला दुसरा मीटर बसवायचा आणि किमान तीन महिने दोन्ही मीटरांचा आकडा ताडून बघायचा. अर्जात 'जोड मीटर बसवून पडताळणी करावी' असं स्पष्ट लिहा. मीटर बदलायला माणसं आली, मग तो साधा असो की स्मार्ट, तर जुना काढण्याआधी त्याच्या शेवटच्या रीडिंगचा फोटो काढा आणि मीटर बदलल्याच्या अहवालाची प्रत हातात घ्या. जुना मीटर एकदा टेम्पोत गेला की तुमचा पुरावा त्याच्याबरोबर गेला.

तक्रार कागदावर

बँकेत असताना एक गोष्ट पक्की कळली. तोंडी सांगितलेलं कुठेच नोंदलं जात नाही, आणि ज्याची नोंद नाही त्याला मुदतही लागत नाही. १९१२ या वीज तक्रार क्रमांकावर फोन जरूर करा, ॲपवर तक्रार टाका, मिळालेला क्रमांक लिहून ठेवा. पण त्याच्या जोडीला एक कागद हवाच. दोन प्रती न्या. एक द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. खिडकीवर कोणी शिक्का द्यायला टाळाटाळ केली तर वाद घालत बसू नका. तोच कागद स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती ठेवा. कार्यालयाचा ईमेल असेल तर त्यावरही पाठवा.

मावशींसाठी लिहिलेलं पत्र असं होतं. हवं तर तसंच उतरवून घ्या:

"विषय: ग्राहक क्रमांक अमुक. जून २०२३ च्या बिलातील चुकीच्या रीडिंगबाबत तक्रार आणि वादग्रस्त रक्कम स्थगित ठेवण्याची विनंती.

महोदय,
वरील वीजजोडणी असलेल्या घरात मी राहते. जोडणी माझ्या दिवंगत पतींच्या नावावर आहे. जूनच्या बिलात चालू रीडिंग ८,७६२ दाखवले आहे. आज रोजी मीटरवर प्रत्यक्ष रीडिंग ७,८७१ आहे. मीटर क्रमांक दिसणारा फोटो जोडला आहे. गेल्या बारा महिन्यांत माझा वापर कधीही १०० युनिटच्या वर गेलेला नाही.
१. प्रत्यक्ष रीडिंग घेऊन सुधारित बिल द्यावे.
२. विद्युत कायदा २००३, कलम ५६ (१) मधील तरतुदीनुसार मागील सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम मी हरकत राखून भरत आहे. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत वीजपुरवठा खंडित करू नये.
३. विलंब आकार लावू नये.
४. या पत्राचे लेखी उत्तर द्यावे."

नावाच्या मुद्द्यावर अडवलं तर घाबरू नका. कायद्याच्या कलम २ (१५) मध्ये ग्राहकाची जी व्याख्या आहे, तिच्यात ज्याच्या जागेला वीज जोडलेली आहे ती व्यक्तीही येते. मावशी त्या घरात राहत होत्या, वीज त्यांच्या घराला जोडलेली होती, एवढं पुरेसं होतं. दुसऱ्या खेपेला मी हे वाक्य छापून बरोबर नेलं. खिडकीतल्या मुलाने ते वाचलं आणि अर्ज घेतला. पुढे सवडीने नाव बदलून घेतलंच पाहिजे. मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद असले की ते काम होतं.

कलम ५६: लाईन कापायची भीती

सगळ्या टेबलभर मी हेच जास्त बोलते, म्हणून इथेही थोडं सविस्तर.

बिल थकलं तर वीज तोडण्याचा अधिकार कंपनीला आहे. पण त्याआधी पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आज रात्री साडेनऊला लाईट कापणार, या नंबरवर लगेच फोन करा, असा संदेश आला तर तो चोरांचा असतो. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर फोन करा. मात्र खरी नोटीस आली की त्यावरची तारीख त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहा.

याच कलमात पुढे परंतुक आहे. ग्राहकाने हरकत राखून पैसे भरले तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. किती भरायचे? मागितलेली पूर्ण रक्कम, किंवा मागच्या सहा महिन्यांत भरलेल्या बिलांच्या सरासरीने त्या-त्या महिन्याची रक्कम, यांत जी कमी असेल ती. मावशींनी आधीच्या सहा महिन्यांत ६४०, ६१०, ६५५, ६९०, ७२० आणि ७०५ रुपये भरले होते. बेरीज ४,०२०, सहाने भागलं की ६७०. म्हणजे १२,१४० ऐवजी ६७० रुपये भरून त्यांच्या घरातला दिवा कायद्याने सुरक्षित झाला. कुड्या त्या रात्री परत डब्यात गेल्या.

वाद दोन-तीन महिने चालला तर दर महिन्याला सरासरी भरत राहायची. एकदा भरून गप्प बसलात तर संरक्षण संपतं. मोबाईलवरच्या ॲपमध्ये बऱ्याचदा पूर्ण रकमेचंच बटण असतं, तिथे नाद सोडा. काउंटरवर जा. तिथेही घेतले नाहीत तर चेक किंवा डिमांड ड्राफ्ट, सोबत 'हरकत राखून, कलम ५६ (१)' लिहिलेलं पत्र, आणि स्पीड पोस्ट. पावतीवर किंवा पत्रात 'हरकत राखून' हे शब्द पाहिजेतच. त्यांच्याशिवाय भरलेला पैसा बिल मान्य केल्यासारखा दिसतो.

जुन्या थकबाकीचंही याच कलमात आहे. रक्कम पहिल्यांदा देय झाल्यापासून दोन वर्षं उलटली आणि मधल्या बिलांत ती थकबाकी म्हणून सतत दाखवलेली नसेल, तर कंपनीला ती वसूल करता येत नाही. यात एक मेख आहे. कंपनीच्या चुकीमुळे कमी आकारणी झाली आणि ती नंतर लक्षात आली, तर पुरवणी बिल काढता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं आहे. मात्र त्यासाठी वीज तोडण्याचा बडगा उगारता येत नाही, हेही त्याच निकालात आहे. म्हणून पाच वर्षांपूर्वीची 'फरकाची रक्कम' दाखवणारं बिल आलं तर पहिलं पत्र असं लिहा: ही रक्कम कधीची, कशी काढली, कुठल्या नियमाखाली, याचा तपशील द्या.

उत्तर आलं नाही तर

मावशींचं काम कार्यालयातच झालं. तेविसाव्या दिवशी माणूस येऊन रीडिंग घेऊन गेला आणि सुधारित बिल आलं. सगळ्यांचं असं होत नाही.

वरच्या मजल्यावरच्या नानांचा मीटर अकरा महिने बंद होता. पडदा कोरा. दरवेळी किरकोळ बिल यायचं, ते भरायचे, आणि त्यांना वाटायचं की ठीक चाललंय. मग मीटर बदलला आणि अकरा महिन्यांचं सरासरीने काढलेलं एकदम बिल आलं. आयोगाच्या पुरवठा संहितेत याला मर्यादा आहे. मीटर बंद पडला असेल तर जास्तीत जास्त तीन महिन्यांची आकारणी करता येते, आणि तीही आधीच्या बारा महिन्यांच्या सरासरीवर. सदोष मीटरच्या दुरुस्तीलाही तशीच तीन महिन्यांची मर्यादा आहे. नानांनी हे लिहून दिलं, कार्यालयाने 'नियमानुसार बिल बरोबर' असं एका ओळीत उत्तर पाठवलं. मग आम्ही ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे गेलो. काही कार्यालयांच्या फलकावर 'गाऱ्हाणे निवारण' असंही लिहिलेलं असतं, मंच तोच. प्रत्येक वीज कंपनीला असा मंच ठेवावाच लागतो, आणि पत्ता बिलावर छापलेला असतो.

मंचाकडे वकील लागत नाही. ठरलेला अर्ज, कार्यालयाला दिलेल्या पत्राची पोच, बिलं, फोटो, आणि एका पानावर तारखांची यादी: कुठल्या दिवशी काय झालं. ही तारखांची यादी सगळ्यात महत्त्वाची. सुनावणीत समोर कंपनीचे अभियंते बसतात आणि ते पटापट बोलतात; आपल्यासमोर यादी असली की गोंधळ उडत नाही. नाना मराठीत बोलले, दहा मिनिटं. आकारणी तीन महिन्यांवर आली. वाद ज्या दिवशी सुरू झाला तिथून दोन वर्षांच्या आत मंचाकडे जावं लागतं, हे विसरू नका. मधेच लाईन कापण्याची धमकी असेल तर अर्जात अंतरिम आदेशही मागा.

मंचाचा निकाल पटला नाही तर साठ दिवसांत विद्युत लोकपालाकडे जाता येतं. त्यांची कार्यालयं मुंबई आणि नागपूरला आहेत. विजेची चोरी किंवा कलम १२६ खालचा अनधिकृत वापर असा आरोप असेल तर मात्र मंच ते प्रकरण घेत नाही, त्याची वाट वेगळी आहे आणि तिथे मी लोकांना सरळ वकिलाकडे पाठवते.

जिंकल्यावरही एक काम उरतं. पुढची दोन बिलं नीट बघा. मावशींची मुख्य रक्कम वजा झाली होती, पण त्या रकमेवर लागलेला विलंब आकार आणि व्याज पुढच्या बिलात थकबाकी म्हणून तसंच होतं. एकशे चाळीस-पन्नास रुपये. "जाऊ दे गं," मावशी म्हणाल्या. मी नाही जाऊ दिलं. त्यांना महिनाभर पुरेल एवढा गॅस येतो का त्यात, नाही येत, पण चहा-साखर येते. पुन्हा एक पत्र, पुन्हा शिक्का, आणि तेही गेलं.

अजून एक कागद लोकांना घाबरवतो, साधारण एप्रिल-मेमध्ये वेगळं येणारं सुरक्षा ठेवीचं बिल. ते खोटं नसतं. वर्षभराच्या सरासरी बिलावरून ठेव पुन्हा ठरवतात आणि कमी पडलेली रक्कम मागतात. ठेव आपलीच राहते, तिच्यावर व्याज मिळतं आणि ते बिलात जमा झालं पाहिजे. मागच्या वर्षी व्याज जमा झालं का ते शोधा. रक्कम जड असेल तर हप्ते मागा.

मोबाईलची शिडी वेगळी

मावशींकडे बटणाचा फोन आहे. मुलीचा फोन येतो आणि बँकेचे संदेश येतात, बास. तरी कोपऱ्यावरच्या दुकानात त्यांना रोज दीड जीबी डेटाचं पॅक मारून मिळायचं, कारण "दुसरं नाहीच." दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून प्रत्येक कंपनीला फक्त बोलणं आणि संदेश एवढंच असलेलं किमान एक पॅक ठेवणं बंधनकारक केलं, आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत नेली. दुकानदाराला विचारताना नेमकं असंच विचारा: "डेटा नसलेलं, फक्त कॉल आणि मेसेजचं पॅक द्या." तो नाही म्हणाला तर कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः शोधा किंवा घरातल्या पोरांना शोधायला लावा.

पैसे विनाकारण कापले जात असतील, म्हणजे कसली तरी गाणी किंवा क्रिकेटची सेवा चालू झालेली असेल, तर १५५२२३ वर ती बंद करता येते. इतर तक्रारींसाठी १९८. इथेही तक्रारीचा क्रमांक मिळतो, तो घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. उत्तर पटलं नाही तर तीस दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे अपील करायचं, त्याला पैसे लागत नाहीत आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. बरेच जण थेट ट्रायला पत्र लिहितात आणि वाट बघत बसतात. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. अपिलानेही भागलं नाही तर ग्राहक आयोग आहे. दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. तिथे जाण्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवा, पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. आणि कंपनीचाच कंटाळा आला असेल तर इंग्रजी अक्षरांत 'पोर्ट', एक जागा सोडून आपला नंबर, असा संदेश १९०० ला पाठवला की नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते.

दर ठरतात तिथेही बोलता येतं

चुकलेलं बिल सुधारून घेता येतं, पण दरच परवडत नसेल तर? त्यावर लोक घरात बोलतात, नाक्यावर बोलतात. जिथे बोलायचं तिथे मात्र फार थोडे जातात. वीज कंपन्यांना दर वाढवायचे असले की आयोगापुढे याचिका करावी लागते, वर्तमानपत्रांत मराठीत जाहीर सूचना द्यावी लागते, आणि लोकांच्या सूचना-हरकती ऐकल्याशिवाय आयोगाला निर्णय देता येत नाही. पुण्याचा प्रयास ऊर्जा गट, १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत अशा संस्था तिथे वर्षानुवर्षं आकडे घेऊन उभ्या राहत आल्या आहेत. पण साध्या ग्राहकालाही तोच हक्क आहे, आणि त्याला फी नाही.

२०२५-२६ पासूनच्या पाच वर्षांचे दर आयोगाने मार्च २०२५ मध्ये ठरवले, त्याआधी मी पहिल्यांदा हरकत पाठवली. दीड पान. मोठे आकडे मला झेपणारे नव्हते, म्हणून मावशींचं बिल घेतलं. ऐंशी युनिट जाळणाऱ्या एकट्या बाईच्या बिलात प्रत्यक्ष विजेचे किती, स्थिर आकार किती, वहन आकार (वीज तारांतून घरापर्यंत आणण्याचा) किती, त्यावर सोळा टक्के वीज शुल्क किती, हे एकाखाली एक मांडलं आणि विचारलं की वापर कमी केला तरी हा स्थिर आकार कमी होणार नसेल तर मावशींनी आणखी काय बंद करायचं. तुम्ही लिहाल तेव्हाही असंच करा. 'दरवाढ रद्द करा' एवढंच लिहिलेल्या अर्जाला उत्तर देणं कंपनीला सोपं जातं. आपल्या बिलातली एक ओळ धरा, ती किती वाढतेय ते लिहा, आणि ती वाढ का, हे विचारा. कंपनीला त्याचं लेखी उत्तर द्यावं लागतं.

सूचनेत शेवटची तारीख असते, ती पाळा. अर्जावर नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक, सही. आणि खाली एक ओळ न विसरता लिहा: 'सुनावणीच्या वेळी मला प्रत्यक्ष म्हणणे मांडायचे आहे.' सुनावणी हल्ली ऑनलाईनही होते, घरून बोलता येतं. पुढची सूचना निघेल तेव्हा मावशी स्वतः बोलणार आहेत. कुठली ओळ वाचायची, ती त्यांनी आत्ताच बिलावर पेनने खूण करून ठेवली आहे.